अबोल्याचे साक्षीदार

आमच्या शाळेत नव्यानं येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानात सांगून ठेवावी लागते. घरत सरांसमोर कुठलंही विधान करू नये.

मला कुणी सांगितलं नव्हतं. पेणहून इथे गणित-विज्ञानाची शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा भर एप्रिल होता, खाडीवरून वाऱ्याची झुळूकसुद्धा येत नव्हती, आणि मी पदरानं मान पुसत शिक्षकखोलीत म्हणाले, "फार उकडतंय बाई आज."

कोपऱ्यातून आवाज आला, "कशावरून?"

एक उंच, काटकुळा माणूस. पँट घोट्याच्या वर, चपलांना खाडीकाठच्या खाजणातला चिखल, आणि एक भुवई दुसरीपेक्षा बोटभर वर. मी म्हटलं, "अहो, घाम येतोय ना मला!"

"हा एक पुरावा झाला. दुसरा?" असं म्हणून त्यांनी दारातून जाणाऱ्या शिपायाला हाक मारली. "काय रे, उकडतंय का?"

"न्हाय सर," तो म्हणाला आणि निघून गेला.

"बघा," सर म्हणाले, "साक्षीदारांत एकमत नाही. तेव्हा उकडतंय असं अजून म्हणता येत नाही." आणि स्वतः वही उघडून त्या वहीनंच वारा घेत बसले!

हे चिंतामण घरत. आमचे इतिहासाचे शिक्षक. रेवदंड्याहून रिक्षानं खाडीच्या कडेकडेनं आलात की आमचं गाव लागतं, तिथेच जन्मले, तिथेच वाढले. वाडवडिलांची मिठागरं होती, वडिलांचा मालवाहू मचवा होता, आता काहीच नाही. आहे ती फक्त 'कशावरून'. घरत वहिनी सांगतात, लग्नात भटजी म्हणाले, मुहूर्त झाला, तर नवरदेवानं अंतरपाटामागून विचारलं, कशावरून? वहिनी म्हणतात, तेव्हाच मी माळ घेऊन परत फिरायला हवं होतं.

पण नुसतं 'कशावरून' विचारणारी माणसं गल्लोगल्ली भेटतात. सरांची खरी करामत पुढे आहे. इतिहासाचा कुठलाही प्रकल्प असो, मुलांनी दोन साक्षीदार आणायचे. आणि अट अशी की त्या दोघांचा एकमेकांशी अबोला पाहिजे.

"दोन मित्रांचं एकमत म्हणजे गप्पा," सर फळ्यावर खडू आपटून सांगतात. "दोन वैऱ्यांचं एकमत म्हणजे इतिहास!"

आता कोकणात अबोल्याला काय तोटा? बांधावरून, फणसावरून, लग्नात मान दिला नाही यावरून, कोंबडी कुणाच्या परड्यात शिरली यावरून. हे सगळं सरांना तोंडपाठ. कोण कुणाशी कधीपासून बोलत नाही, मध्ये एकदा बोलले होते का, बारशाला गेले होते का. गावात नवीन भांडण झालं की आम्ही हळहळतो. सर हात चोळतात. एकदा दोन शेजारी पंचांसमोर समेट करायला निघाले तर हे रस्त्यात आडवे. "दोन दिवस थांबा हो! माझ्या पोरांना जुन्या विहिरीबद्दल साक्ष घ्यायचीय. मग खुशाल गळ्यात पडा." शेजारी एवढे चिडले की त्या रागात दोघं एक झाले आणि सरांशीच बोलेनासे झाले. सर हिरमुसले. म्हणाले, "दोन चांगले साक्षीदार गेले हातचे."

या सगळ्या माहितीत एका अबोल्याचं नाव मात्र सर कधी काढत नसत. त्यांच्या स्वतःच्या.

दामूदादा म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. बंदराच्या पलीकडे नारळ-सुपारीची वाडी आहे, तिथे राहतात. घरतांचा गणपती थोरल्या घरी. तशीच रीत आहे. चुली वेगळ्या झाल्या तरी गणपती एक. एका वर्षी घर पाहुण्यांनी भरलेलं, आरती नुकतीच झालेली, आणि दादा छाती पुढे काढून कुणाला तरी सांगत होते, "आमचा गनपती सात पिढ्यांचा." त्याबरोबर मागून आवाज आला, "कशावरून?"

बरं, तेवढ्यावर थांबावं की नाही! कप्पाळ! सरांनी बोटं मोजून आजोबा, पणजोबा केलं आणि भर आरतीच्या पाटासमोर सिद्ध केलं की चौथ्या पिढीच्या पलीकडे आपल्याला कुणाचं नावसुद्धा सांगता येत नाही. दादांनी हातातलं निरांजन खाली ठेवलं आणि म्हणाले, "देवासमोर पुरावा मागतोस? माझ्या घरात पुरावा मागायला यायचं न्हाय."

त्यानंतर सर त्या घरी गेले नाहीत. त्याला कितीतरी गणपती झाले. वहिनी आणि मुलं जातात, आरतीला उभी राहतात, प्रसाद घेऊन येतात. सर त्या दिवशी उत्तरपत्रिका तपासायच्या म्हणून शाळेत येऊन बसतात. गणपतीच्या सुट्टीत कसल्या उत्तरपत्रिका, हे मी त्यांना विचारलेलं नाही. रोज संध्याकाळी मात्र ते बंदरावर जातात आणि तिथल्या तोफेला टेकून उभे राहतात. मी इतके दिवस समजत होते की माणूस वारा खायला येतो. मग एकदा त्यांच्या जागी जाऊन उभी राहिले. तिथून दामूदादांच्या ओटीवरचा दिवा दिसतो.

आता ही तोफ. आमच्या बंदरावर एक तोफ उलटी पुरलेली आहे. तोंड जमिनीत, बूड वर. होड्या तिला बांधतात, पोरं तिच्यावर बसतात, कोळणी तिला टेकून टोपली डोक्यावर घेतात. ती तिथे कुणी आणि का पुरली, हे कुणाला विचारावं असं कुणाला वाटलंच नव्हतं. मागच्या वर्षी नव्या जेट्टीचं काम निघालं आणि सरपंचताईंनी ठरवलं की तोफेशेजारी छान फलक लावायचा. मजकूर तयारच होता. त्यांच्या पुतण्यानं व्हॉट्सअॅपवरून काढला होता: 'शूर सरदाराने शत्रूची तोफ उलटी गाडून गावाची अब्रू राखली.'

सरांनी तो वाचला. भुवई कपाळात गेली. "कुठला सरदार? कुठला शत्रू? कशावरून?"

सरपंचताई हुशार बाई. म्हणाल्या, "मग तुमची पोरं शोधून काढू देत. जेट्टीचं उद्घाटन होईपर्यंत सांगा. नाही सांगितलंत तर हाच मजकूर जाईल, आणि एकदा दगडात कोरला की तुमच्या नातवंडांनासुद्धा हाच खरा."

झालं! नववीच्या वर्गात भरतीच आली. सरांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'तोफ उलटी कोणी पुरली?' आणि खाली नेहमीची अट. त्या दिवसापासून गावात कुणाला सुखानं बसता येईना. चहाच्या टपरीवर बसलं की समोर दोन मुलं मोबाईल पुढे धरून उभी, "आजोबा, तुमचं कुणाशी भांडण आहे का?"

साक्षींचा तर पाऊस पडला. एक म्हणाला पोर्तुगीजांनी पुरली. दुसरा म्हणाला जंजिऱ्याकडून वाहत आली आणि चिखलात उभी रुतली. तिसऱ्यानं तर ती आकाशातून पडली असं सांगितलं. हा तिसरा दुपारचा भेटला होता, तरी त्याची साक्ष सरांनी नोंदवायला लावली. "दारू प्यालेला असणं हा साक्षीदाराचा दोष आहे, अपराध नाही," म्हणाले.

खरी फट पाडली ती रुचितानं. रुचिता म्हणजे कोळीवाड्यातली मुलगी, चणीनं एवढीशी, डोळे मात्र घारीचे. मोठ्या ओहोटीच्या दिवशी पाणी पार आत गेलं होतं, ती तोफेच्या बुंध्याशी गुडघाभर चिखलात बसून हातानं उकरत होती. एकदम किंचाळली. आम्हाला वाटलं खेकडा चावला.

"सर! कौल!"

तोफ पक्की बसावी म्हणून खड्ड्यात भोवतीनं तुकडे ठासले होते, आणि ते सगळे मंगलोरी कौलांचे होते. लाल, खाचा असलेले, एकावर तर कारखान्याच्या शिक्क्याची अर्धी अक्षरंसुद्धा!

सर त्या चिखलात दोन्ही पायांनी नाचले. अहो, खरंच नाचले. "पोर्तुगीज आटोपले! सरदार आटोपला! मंगलोरी कौलं आपल्याकडे आली कधी, आणि हे लोक गेले कधी! तोफ जुनी असेल, पण ती पुरली मागाहून! कुणीतरी आपल्यातल्यानंच!" त्यांची एक चप्पल चिखलात गेली ती गेलीच. त्याचंही त्यांना भान नव्हतं.

पण मी गणिताची बाई. मला एक हिशेब जुळेना. सर नाचले खरे, पण आश्चर्य म्हणून काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. परीक्षेत आपल्याला येतंय तेच उत्तर मुलानं लिहिलं की तपासणाऱ्याचा चेहरा होतो ना, तसा होता. मी मनात नोंद करून ठेवली.

आता आपल्यातलाच म्हणजे कोण? रुचितानं तिच्या शेजारच्या हिराबायला गाठलं. हिराबाय म्हणजे बोंबील सुकवण्यात जिचा हात कुणी धरणार नाही अशी म्हातारी, आणि तिचं काशीबायशी हाडवैर, कारण काशीबायनं एकदा वलांडीवर, म्हणजे बोंबील टांगायच्या दोरीवर, हिराबायच्या जागेत आपले बोंबील टांगले होते.

हिराबाय म्हणाली, "तोप ना? घरतांच्या बापसानं आनली. दोन होड्यांच्या मधी बांधून. मी नवी नवरी व्हते, वाळवनापाशी उभी व्हते."

मुलं धावत काशीबायकडे. काशीबाय म्हणाली, "हिरी काय बोलली?"

"ते सांगायचं नाही, असा नियम आहे."

"ती खोटारडी हाय, तिचं काय ऐकू नका," काशीबाय म्हणाली. "तोप घरतांच्या बापसानं आनली. दोन होड्यांच्या मधी बांधून."

मुलांनी तिथेच टाळ्या वाजवल्या. काशीबायला कळेना काय झालं. पण दोघीही लांब काठावर होत्या. तोफ कुठून आणली, उभी कशी केली, तोंड खाली का, हे त्यांना ठाऊक नव्हतं. दोघींनी एवढंच सांगितलं की चिखलात गडीमाणसं होती, ती सगळी आता वर गेली, आणि घरतांची दोन लहान पोरं होती, नखशिखांत लडबडलेली.

दोन लहान पोरं!

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला सर वर्गात शिरले तर खुर्चीवर रुचिता बसलेली. शेजारी मोबाईल घेऊन फैजान. या फैजानचे आजोबा खलाशी होते, त्यामुळे होडीचा शब्द आला की पहिला हात त्याचा वर. सरांसाठी बाक रिकामा ठेवला होता. मी मागच्या दारात उभी होते; असला तमाशा कोण सोडतं?

"सर, तुम्ही तिथं होता?" रुचितानं विचारलं.

"होतो."

"मग आम्हाला सांगितलं का न्हाय? आम्ही सगळा गाव पालथा घातला!"

"तुम्ही विचारलं नाही. न विचारता बोलतो तो साक्षीदार नव्हे, तो वक्ता."

वर्ग चिडला, ओरडला, बाक वाजवले. मग सर बोलले. इतक्या वर्षांत मी त्यांना प्रश्नच विचारताना ऐकलं होतं. उत्तर देताना पहिल्यांदाच ऐकत होते. तोफ जुन्या बुरुजाखालच्या चिखलात आडवी पडली होती. बंदरावरचा लाकडी खांब कुजून गेला होता, होड्या बांधायला काही नव्हतं. माणसांनी ती उचलणं शक्यच नव्हतं. मग वडिलांनी ओहोटीला तोफेच्या दोन बाजूंना दोन होड्या आणल्या, दोन्हींवर आडवे वासे टाकले, वाशांना दोर आणि दोरांना तोफ घट्ट बांधली, आणि सगळे बिड्या ओढत बसले. भरती आली. होड्या वर उचलल्या गेल्या, त्यांच्याबरोबर तोफही.

"कशावरून?" अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला. त्या एका आवाजात काय सूड होता म्हणून सांगू!

सर खूश होऊन माझ्याकडे वळले. "मॅडम, हे तुमच्या खात्यातलं."

मग काय, मीही पदर खोचला. शाळेमागच्या सिमेंटच्या टाकीत आम्ही थोडं पाणी ठेवलं, म्हणजे ओहोटी. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरातून पळवलेला वरवंटा म्हणजे तोफ. दोन घमेली म्हणजे होड्या, त्यांवर झाडूची काठी म्हणजे वासा. नळ सोडला, भरती सुरू! पहिल्या वेळेला एक घमेलं कलंडलं, पाणी भरलं आणि बुडालं. "दोर मधोमध पायजे, एका अंगाला नको!" फैजान ओरडला. पुन्हा बांधलं. पुन्हा नळ. चाळीस डोकी टाकीवर वाकलेली, श्वास रोखलेले. आणि बाई गं, तो वरवंटा हलला, आणि तळापासून बोटभर, चार बोटं, वीतभर वर उचलला गेला! असा काही आरडाओरडा झाला की स्वयंपाकाच्या मावशी धावत आल्या आणि म्हणाल्या, "माझा वरवंटा पोहायला शिकवताय होय?" उत्प्लावक बल मी आजवर फळ्यावर शिकवत आले. त्या दिवशी माझ्या स्वतःच्या अंगावर काटा आला.

सरांची उरलेली साक्ष टाकीच्या कठड्यावरच झाली. तोफ बंदराशी आणली, ओहोटीला खड्ड्यात उतरवायला घेतली. मचव्यात फुटकी कौलं होती, ती ठासली. "मी तेव्हा पहिलीत होतो," सर म्हणाले. "तोफ उतरत असताना मी बघायला पुढे गेलो आणि खड्ड्याच्या कडेला कंबरेपर्यंत रुतलो. वर तोफ लोंबत होती. दादा चिखलात पालथा पडला आणि त्यानं माझे हात धरले. शेवटपर्यंत सोडले नाहीत. म्हणून मी आज इथे आहे."

'दादा' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. बोलून झाल्यावर ते उगीचच टाकीत हात घालून वरवंटा शोधत राहिले.

मग रुचिता हळूच म्हणाली, "सर, हा एक साक्षीदार झाला. दुसरा?"

सरांनी ओला हात पँटला पुसला.

"चिखलातल्या माणसांतला दुसरा एकच हाय," रुचिता म्हणाली. "आणि सर, नियमात पन तोच बसतो. तुमचा दोघांचा अबोला हाय. याच्यापेक्षा चांगला साक्षीदार आख्ख्या गावात मिळनार न्हाय."

मला वाटलं आता सर रागावतील. उद्घाटन तोंडावर आलेलं, दुसरी साक्ष नाही तर फलकावर पुतण्याचा सरदार जाऊन बसणार, आणि साक्ष हवी तर ज्या दारात पाऊल टाकायचं नाही त्या दारात पोरं पाठवायची. सरांनी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही जाल का पोरांबरोबर? नियम म्हणजे नियम."

आम्ही गेलो. दामूदादा ओटीवर सुपारी सोलत बसले होते. तीच उंची, तीच काटकुळी मान, आणि तीच एक भुवई वर. मला हसू आवरेना.

"कोनी धाडलं? त्यानं?" दादांनी विचारलं.

"त्यांनी न्हाय," रुचिता म्हणाली. "नियमानं."

दादांनी हातातली सुपारी सोलून पुरी केली. मग त्यांनी सुपारी बाजूला सारली आणि सांगायला लागले. बुरूज, दोन होड्या, वासे, फुटकी कौलं, सगळं तंतोतंत. "तोंड खाली का?" फैजाननं विचारलं. "आरं, तोफेच्या बुडाला लाडवावानी गोळा आसतो ना, तो वर पायजे. मग दोर निसटंल कसा? तोंड वर ठेवलं तर त्यात पानी साचंल, आन् तुज्यासारखी पोरं हात घालून आडकून बसतील!" झाला उलगडा! ना अब्रू, ना शत्रू. दोर निसटू नये म्हणून. पोरं आनंदानं वेडी झाली.

"आणि खड्ड्यात कोण रुतलं होतं?" मी विचारलं.

"मी," दादा म्हणाले. "मी शानपना करत पुढं गेलो. चिंतू एवढासा, पालथा पडला नि माजे हात धरले. माजं वजन त्याला काय पेलतंय? पन सोडलं न्हाय. बोंबलत राहिला, तवा बाबांना कळलं. चिंतू नसता तर मी त्या तोफेखालीच आसतो."

फैजाननं रेकॉर्डिंग बंद केलं आणि आम्ही तडक शाळेकडे निघालो.

शिक्षकखोलीत फैजाननं मोबाईल टेबलावर ठेवला आणि दादांचा आवाज सुरू झाला. सर खुर्चीच्या टोकावर बसले होते. 'चिंतू एवढासा' आलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. मग एकदम ताडकन उठले.

"खोटं! साफ खोटं! रुतलो मी! तो कसा रुतेल? तफावत आहे! दोन साक्षींत तफावत आली की काय करायचं?"

"समोरासमोर बसवायचं!" वर्ग खिडकीतून ओरडला.

"अर्थात!" सर म्हणाले, आणि निघाले. पायात चपला आहेत की नाहीत तेही बघितलं नाही. पुढे सर, मागे नववीचा वर्ग, त्यांच्यामागे धापा टाकत मी, आणि काय चाललंय म्हणून बंदरावरची निम्मी माणसं. हिराबाय आणि काशीबायसुद्धा आल्या, अर्थात रस्त्याच्या दोन कडांनी.

सर वाडीच्या फाटकाशी थांबले. आत पाऊल टाकलं नाही. तिथूनच ओरडले, "तू रुतलास?"

दादा ओटीवरून उठले. "मीच रुतलो!"

"कशावरून?"

हाच तो शब्द, हाच तो आवाज, याच्यावरूनच सगळं बिनसलं होतं. दादांनी पाहिलं सरांकडे, आणि धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं. पोटरीवर लांब पांढरा व्रण. "ह्यावरून! कालवाचा शिंपला लागला त्या चिखलात!"

"असं? मग हे काय आहे?" सर फाटक ढकलून आत आले, तरातरा ओटीपर्यंत गेले आणि पँट वर केली. तस्साच व्रण! दोन पांढऱ्या केसांची माणसं एकेक पाय ओटीवर ठेवून एकमेकांच्या पोटऱ्या बघतायत आणि वर्ग वाकून वाकून पुरावा तपासतोय. "माझा खोल आहे," एक म्हणतो. "माजा लांब हाय," दुसरा म्हणतो. "तू मला काढलंस!" "तूच मला काढलंस!" इतक्या त्वेषानं दुसऱ्याचा मोठेपणा सांगत भांडणारी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती.

शेवटी वहिनींच्या थोरल्या जाऊबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या. "दोघंपन रुतले आसतील," त्या म्हणाल्या. "नि दोघांनी एकमेकांचं हात धरलं आसतील. लहान पोरांना काय कळतं, कोन कुनाला वडतंय!"

दोघांनी पुन्हा एकदा एकमेकांच्या पोटऱ्यांकडे पाहिलं.

तेवढ्यात रुचिता म्हणाली, "सर, तुम्ही बोलताय दादांशी."

सरांनी पँट खाली केली. दादांनी धोतर सोडलं. दोघं अगदी जवळ उभे होते, आणि कुणीच मागे सरकत नव्हतं. दादा म्हणाले, "वाळलास किती." सर म्हणाले, "तूही." खोटं कशाला बोलू, माझ्या डोळ्यांना धार लागली. काशीबायनं तर पदर तोंडाला लावला आणि चुकून हिराबायच्या खांद्यावर हात ठेवला.

"पन सर," रुचिताचा घारीचा डोळा कुठला सोडतोय, "आता तुमचा अबोला तुटला. म्हंजे तुमची साक्ष बाद!"

"साक्ष आधी घेतलीय," फैजान म्हणाला. "चालतंय."

"चालतंय!" सर इतक्या जोरात म्हणाले की झाडावरचे कावळे उडाले.

फलक लागला. जाऊन बघा, बंदरावर तोफ आहे तिथेच आहे. फलकावर लिहिलंय की ही तोफ कुठल्या सरदारानं नव्हे, गावातल्या माणसांनी भरतीच्या पाण्यानं उचलून इथे उभी केली; तोंड खाली आहे ते दोर निसटू नये म्हणून. आणि शेवटची ओळ मुलांनी हट्टानं घालायला लावली: 'त्या वेळी दोन लहान भाऊ हजर होते. कोणी कोणाला वाचवले, याबद्दल दोन मते आहेत.' सरपंचताई म्हणाल्या, एवढं कशाला? मुलं म्हणाली, पुरावा आहे.

यंदा भाद्रपदात दादांनी मला आणि नववीच्या वर्गाला आरतीला बोलावलं. घर माणसांनी फुललं होतं. सर दादांच्या शेजारी उभे राहून टाळ वाजवत होते; ताल चुकत होता, पण त्यांना कोण सांगणार? आरती झाली, ताटं फिरली, आणि मुंबईहून आलेल्या एका पाहुण्यानं मूर्तीकडे बघत विचारलं, "दादा, किती जुना हो तुमचा गणपती?"

"सात पिढ्यांचा," दादा सवयीनं बोलून गेले.

आणि थांबले. मोदक वाढणारा हात हवेतच राहिला. सगळ्या घराची नजर सरांकडे गेली. वहिनींनी तर डोळेच मिटले.

माझ्यातली खोडकर बाई कुठली गप्प बसते! मी सरांच्या कानाशी वाकले आणि हळूच विचारलं, "कशावरून हो, सर?"

सरांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताटातला मोदक फोडत म्हणाले, "दादा सांगतोय ना."